ज्या युद्धात पनवेल नव्हतेच : तबकडी, मेमरी कार्ड आणि चित्रपटाची मालकी

'२००८ साली ब्लू-रेने एचडी डीव्हीडीला हरवले, पुढे स्ट्रीमिंगने ब्लू-रेला हरवले, आणि अखेर सोय जिंकली.' घरातल्या चित्रपटाचा इतिहास म्हणून हे त्रिसूत्र समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. त्यातले पहिले विधान महाराष्ट्रापुरते गैरलागू, दुसरे अर्धसत्य आणि तिसरे सरळ चूक आहे. पनवेलसारखे एक मध्यम शहर समोर ठेवून या त्रिसूत्राची तपासणी करणारा हा सविस्तर धागा.

आधी मूळ युद्ध. उच्च दर्जाचे चित्र साठवण्यासाठी दोन परस्परविरोधी तबकड्या २००६ साली बाजारात आल्या. तोशिबाच्या पुढाकाराची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या पुढाकाराची ब्लू-रे. दोन्हींत तोच ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेझर. एका थरावर एचडी डीव्हीडी १५ गिगाबाइट साठवी, ब्लू-रे २५. पुढचे दीड-दोन वर्षे हॉलिवूडचे स्टुडिओ दोन छावण्यांत विभागले गेले. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट तोशिबाच्या बाजूला गेले. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने सोनीचा पक्ष घेतला, फेब्रुवारीच्या मध्यावर वॉलमार्टने एचडी डीव्हीडी विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली. वॉर्नरच्या घोषणेपासून शरणागतीपर्यंत अवघे ४६ दिवस.

या सेहेचाळीस दिवसांना 'ग्राहकाचा कौल' म्हणण्याची पद्धत आहे. कौल कोणी दिला हे पाहिले तर त्यात स्टुडिओंचे संचालक आणि एका अवाढव्य दुकानसाखळीचे व्यवस्थापक एवढेच दिसतात. आणखी एक तपशील सोयीस्करपणे गाळला जातो. पराभूत झालेल्या एचडी डीव्हीडीवर प्रदेशाचे कुलूप नव्हते. जपानात घेतलेली तबकडी अमेरिकेतल्या यंत्रावर चाले. विजयी ब्लू-रेने जगाचे अ, ब, क असे तीन विभाग पाडले, आणि भारत 'क' विभागात टाकला गेला. शिवाय नक्कल रोखणारा एक अधिकचा थर ब्लू-रेकडे होता आणि फॉक्ससारख्या स्टुडिओला तोच विशेष प्रिय होता. म्हणजे जिंकलेल्या तबकडीच्या जमेच्या बाजूला जास्त साठवणूक होती हे खरे, पण जास्त कुलपेही होती. ही दुसरी गोष्ट विजयगाथेत येत नाही.

आता पनवेल. १८५२ पासून नगरपालिका असलेले, मुंबई-पुणे रस्त्यावरचे, आपली जुनी बाजारपेठ सांभाळून असलेले हे शहर २००८ च्या फेब्रुवारीत काय करत होते? भारनियमन सोसत होते. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येण्याचा तो काळ. प्लेस्टेशन ३ हे ब्लू-रे चालवणारे तेव्हाचे सर्वांत परिचित यंत्र भारतात २००७ च्या एप्रिलमध्ये सुमारे चाळीस हजार रुपयांना आले होते, आणि त्याचा लाभ घ्यायचा तर उच्च दर्जाचा दूरचित्रवाणी संचही वेगळा हवा. सामान्य पगारदाराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईची ही खरेदी होती. रायगड जिल्ह्यातल्या दिवाणखान्यांना तोशिबाच्या शरणागतीने कसलाही फरक पडला नाही.

मग तिथे पडद्यावर काय चालत होते? व्हीसीडी. जागतिक इतिहासांत या तबकडीला तळटीपही मिळत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

व्हिडिओ सीडीचे मानक १९९३ चे. चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे व्हीएचएस फितीच्या आसपासचे. एका तबकडीत ७४ ते ८० मिनिटे मावत. त्यामुळे हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर येई आणि मध्यंतर कुठे होणार हे दिग्दर्शकाऐवजी तबकडीची क्षमता ठरवी. नायिका उंबरठा ओलांडायच्या बेतात असताना घरातल्या कोणीतरी उठून 'दुसरी' लावायची, हा एका पिढीचा अनुभव आहे. अमेरिकेने आणि युरोपाने ही तबकडी जवळजवळ नाकारली. चीन, आग्नेय आशिया आणि भारताने ती डोक्यावर घेतली. दमट हवेत फितीला बुरशी लागते, तबकडी त्या मानाने टिकते, यंत्र स्वस्त, आणि तबकडी कोणत्याही यंत्रात चालते. कारण व्हीसीडीवर ना प्रदेशाचे कुलूप होते, ना नक्कल रोखणारे सांकेतिक आवरण. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या डिजिटल चित्रपट-माध्यमांत पूर्णपणे उघडे असलेले हे एकच माध्यम, आणि ते सर्वांत गरीब घरांत पोहोचले.

डीव्हीडी आली तेव्हा तिच्यासोबत पहिले कुलूप आले. भारत पाचव्या विभागात, रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागासोबत. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने सुटीत येताना आणलेली अमेरिकी डीव्हीडी पनवेलच्या यंत्रात चालत नसे. 'यंत्रच बिघडलेले दिसते' असा निष्कर्ष काढला जाई. प्रत्यक्षात यंत्र उत्तम चालत होते आणि सांगितलेले काम करत होते. पुढे दुकानदार सर्व विभाग चालणारे यंत्र म्हणून स्वस्त चिनी संच पुढे करू लागले, तेव्हा त्या विक्रीमागे जगाच्या व्यापारनकाशाविरुद्धचे एक छोटे बंड होते याची कल्पना ना विकणाऱ्याला होती ना घेणाऱ्याला.

तबकडीचा खरा भारतीय अध्याय २००७ साली सुरू झाला. कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. तोवर अधिकृत तबकडी शंभर-दोनशे रुपयांच्या पुढे असे आणि पदपथावरची चोरटी प्रत तिच्या अंशाने मिळे. मोझर बेअरने किंमत चोरट्या प्रतीच्या पातळीला आणली. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, बिस्किटांच्या पुड्यांच्या रांगेत चित्रपट टांगलेले दिसू लागले. हिंदीसोबत प्रादेशिक भाषांतले शेकडो चित्रपटही या वाटेने घरात आले. चाळीतल्या कुटुंबाकडेही पंधरा-वीस चित्रपटांचा स्वतःचा संग्रह असू शकतो, ही गोष्ट या देशात पहिल्यांदा घडली.

हा प्रयोग टिकला नाही. कंपनी पुढे कर्जात बुडाली, दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि २०१८ साली तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. त्रिसूत्रवाले इथे बोट ठेवतात: बघा, स्ट्रीमिंगने मारले. कालक्रम तपासावा. कंपनीवर कर्जाचा डोंगर चढला तो स्ट्रीमिंग भारतात रुजण्याच्या कितीतरी आधी, आणि त्यात सौरऊर्जेच्या उद्योगात ओतलेल्या पैशाचा वाटा मोठा होता. चित्रपटांच्या तबकडीला भारतात ज्याने खरोखर धक्का दिला ते माध्यम बोटाच्या नखाएवढे होते आणि त्यावर कोणत्याच इतिहासात प्रकरण नाही.

ते म्हणजे मेमरी कार्ड.

साधारण २००८ ते २०१६ या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, एसटी स्थानकाच्या बाहेर आणि रेल्वे फलाटांच्या तोंडाशी, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर हाताने लिहिलेला फलक असे: 'गाणी, पिक्चर भरून मिळतील'. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. टपरीवरच्या संगणकात हजारो फायली, गिऱ्हाईक बोट दाखवी, दुकानदार ओढून टाकी. अमेरिकेत 'डाउनलोड' म्हणजे दुकानाच्या संकेतस्थळावर पैसे भरून घेतलेली फाइल. इथे डाउनलोड एकाने करायचा आणि तालुक्याने पाहायचा. यूएसबीचे भोक असलेला डीव्हीडी प्लेअर आला आणि तीच फाइल पेनड्राइव्हवरून दिवाणखान्यातल्या संचावर दिसू लागली. तबकडीची खाच रिकामीच राहू लागली. घरातला तबकडीचा शेवट कसा झाला, याचे खरे उत्तर त्या यूएसबीच्या भोकात आहे. नेटफ्लिक्स भारतात आले ६ जानेवारी २०१६ रोजी. तोवर ही क्रांती होऊन गेली होती.

ही चोरी होती का? होती. त्यात संदिग्धता नाही. ज्या कलावंतांनी आणि निर्मात्यांनी चित्रपट बनवला त्यांना त्या दहा रुपयांतला एक पैसाही मिळत नव्हता. मोठ्या निर्मात्याने तो फटका सोसला, पण दोन-तीन आठवड्यांच्या प्रदर्शनावर जगणारा छोटा मराठी निर्माता त्यात बुडाला. मेमरी कार्डाचे गौरवीकरण करणारे जे हळवे लेखन अलीकडे दिसते, त्याला हा हिशेब विचारला पाहिजे.

परंतु राज्यसंस्थेने या चोरीकडे कसे पाहिले तेही नोंदवले पाहिजे. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यासाठी महाराष्ट्राने १९८१ साली एक प्रतिबंधक कायदा केला. २००९ साली त्याच्या नावात आणि व्याप्तीत 'व्हिडिओ पायरेट' या वर्गाची भर पडली. म्हणजे तबकड्यांची चोरटी विक्री करणारा माणूस कायद्याच्या लेखी हातभट्टीवाल्याच्या रांगेत बसला. ज्या वर्षी हे झाले त्याच वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निर्वाळा दिला की अमेरिकेत रीतसर पैसे मोजून घेतलेल्या डीव्हीडी भारतात आणून वाचनालयासारख्या भाड्याने देणे हाही स्वामित्वहक्काचा भंग आहे. चोर दोषी ठरला यात नवल नाही. पण रीतसर विकत घेणारा आणि उसने देणारा हाही त्याच पिंजऱ्यात उभा राहिला.

येथून प्रश्न तंत्रज्ञानाचा राहत नाही. चित्रपटाची प्रत हातात असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उभा राहतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. पनवेलहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने ज्या घणसोलीवरून जावे लागते, तिथेच या जाळ्याचे मुख्यालय आहे. विदा काही महिने फुकट आणि नंतरही मातीमोल भावात मिळू लागली. त्याच डिसेंबरात प्राइम व्हिडिओ भारतात उतरले. हॉटस्टार त्याच्या आधीच आले होते. टपरीवरचा फलक दोन-तीन वर्षांत उतरला. 'सोय जिंकली' हे विधान ज्यांना करायचे आहे त्यांनी ते या क्षणाबद्दल करावे; तेवढ्यापुरते ते खरे आहे. घरातली आजी चित्रपट लावायला नातवाची वाट पाहत बसत नाही, आणि बनवणाऱ्याला मंचाकडून का होईना मोबदला मिळतो. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

मात्र चित्राच्या दर्जाची बढाई तपासून घ्यावी. पूर्ण एचडीसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला ५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानते. दोन तासांचा चित्रपट म्हणजे ७,२०० सेकंद. गुणाकार-भागाकार केला तर साडेचार गिगाबाइट होतात. जुन्या एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट होती. संकोचनाचे तंत्र दरम्यान पुष्कळ सुधारले, त्यामुळे तेवढ्याच जागेत आता कितीतरी चांगले चित्र मावते, हे मान्य. तरीही दुहेरी थराच्या ब्लू-रेवरच्या ५० गिगाबाइटच्या शेजारी हा आकडा ठेवला की 'तबकडीहून सरस' हा दावा करणाऱ्याने अंधाऱ्या रात्रीचे एखादे दृश्य लावून पडद्यावरचे चौकोनी ठिपके मोजावेत.

दर्जा हा तरीही दुय्यम मुद्दा. मुख्य मुद्दा ताब्याचा. व्हीसीडी उघडी होती. डीव्हीडीला कुलूप होते, ब्लू-रेला त्याहून जास्त. स्ट्रीमिंगमध्ये किल्लीही नाही आणि दारही नाही. पाहून झाल्यावर प्रेक्षकाकडे उरते ती फक्त वर्गणीची पावती. चित्र जसजसे स्पष्ट होत गेले तसतशी मालकी धूसर होत गेली, आणि हा आलेख निसर्गनियमाने खाली उतरलेला नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी सही केली आहे.

परिणाम काय होतो याची उदाहरणे आता पुरेशी जमली आहेत. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी, तीही नेमकी तीच, पैसे भरलेल्या वाचकांच्या किंडलमधून दुरून पुसून टाकली आणि पैसे परत केले. हॉलिवूडच्या बहुतेक स्टुडिओंनी मिळून उभारलेली 'अल्ट्राव्हायोलेट' नावाची डिजिटल तिजोरी ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. डिस्ने प्लसने स्वतःच बनवलेली 'विलो' ही मालिका प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच, मे २०२३ मध्ये, स्वतःच्याच मंचावरून काढली. जानेवारी २०२४ मध्ये 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट वादानंतर नेटफ्लिक्सवरून नाहीसा झाला. सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र असलेला, चित्रपटगृहांत प्रदर्शित झालेला तो चित्रपट होता. त्याचा आशय कोणाला पटो न पटो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या वादावर लिहायचे असेल तर मूळ पुरावा कुठे पाहायचा? पूर्वी पुस्तकावर बंदी येई तेव्हा पोलिसांना घरोघरी जावे लागे आणि तरीही चार प्रती माळ्यावर राहत.

माळ्यावरच्या प्रतीचे मोल पनवेलकरांना तरी सांगावे लागू नये. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. १८७९ साली ते पकडले गेले तेव्हा त्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती लागले आणि पुण्याच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरले गेले. फडक्यांच्या मनात काय चालले होते हे आज जे काही नेमकेपणाने सांगता येते, ते पुष्कळ अंशी त्या जप्त कागदांमुळे. शत्रूच्या दप्तरात का होईना, प्रत राहिली म्हणून इतिहास राहिला. याच फडक्यांवर गजेंद्र अहिरे यांनी दिग्दर्शित केलेला, अजिंक्य देव यांची प्रमुख भूमिका असलेला मराठी चित्रपट २००७ साली आला, म्हणजे तिकडे दोन तबकड्यांची झुंज ऐन भरात असताना. पनवेलच्या नाट्यगृहाला फडक्यांचे नाव आहे. पण त्या शहरातल्या शाळकरी मुलाला तो चित्रपट पाहायचा झाला तर तो आज कोणत्या मंचावर आहे आणि उद्या असेल का, हे शहराच्या हातात नाही.

'हे सारे क्लाउडमध्ये सुरक्षित आहे' असे यावर सांगितले जाते. या शब्दाइतका फसवा शब्द अलीकडच्या मराठीत दुसरा आला नसेल. ढग वगैरे काही नसतो. जमिनीवरची इमारत असते, वीज खाणारी आणि सतत थंड ठेवावी लागणारी. पनवेलला तर हे डोळ्यांनी दिसते. जुलै २०२० मध्ये हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचे 'एनएम १' हे विदा केंद्र पनवेलमध्येच सुरू झाले: ७,२०० रॅक मावतील एवढी जागा आणि ५० मेगावॉट विजेची तयारी. एकेकाळी ज्या शहराने भारनियमनाचे वेळापत्रक पाहून चित्रपट लावला, त्याच्याच परिसरात आज अखंड विजेचे हे कोठार उभे आहे. त्यातल्या कपाटांत कोणाचे काय ठेवले आहे हा त्या कंपनीचा आणि तिच्या ग्राहकांचा खासगी करार. त्यात गैर काही नाही. पण खासगी कोठाराला सार्वजनिक संग्रहालय समजणे हा भाबडेपणा आहे. कोठारवाला भाडे थांबले की माल हलवतो. त्याने तसे करू नये असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

आता तबकडीच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे, कारण त्यांचाही एक भाबडेपणा आहे. तबकडी अमर नाही. घरी भरलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर दहा-पंधरा वर्षांत, कोकणच्या दमट हवेत कधी त्याहूनही आधी, निकामी होतो. छापील तबकडीच्या परावर्तक थरालाही गंज चढतो. २६ जुलै २००५ च्या पुरासारखे पाणी घरात शिरले की कपाटातला संग्रह एका रात्रीत चिखल होतो. आणि यंत्रे संपत चालली आहेत: नेटफ्लिक्सने ज्या टपालाने डीव्हीडी पाठवण्याच्या धंद्यावर जन्म घेतला तो धंदा त्याने २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. घरच्या कपाटात चाळीस ब्लू-रे रांगेत लावून 'वारसा जपला' असे छायाचित्र टाकणारा संग्राहक हौशी आहे. त्याने वारसा जपलेला नाही. त्याच्या पश्चात त्या तबकड्या रद्दीवाल्याकडे जातील.

रद्दीवाल्याचा उल्लेख विनोदासाठी केलेला नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट बनले. त्यांतले जेमतेम तीसेक, तेही अनेकदा तुकड्यांत, शिल्लक आहेत. देशाचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कुठेही नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', भारतीय वास्तववादाचा आरंभ म्हणून ज्याचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते, तो मूकपट त्या पाठ्यपुस्तकांच्या लेखकांनीही पाहिलेला नसतो. कितीतरी रिळे त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून ते उभे केले, आणि तरीही ८ जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवण्याची ही किंमत आहे. मग ते ठिकाण सरकारी गोदाम असो, संग्राहकाचे कपाट असो वा योट्टाचे रॅक.

म्हणून 'तबकडी की स्ट्रीमिंग' हा वाद ज्या स्वरूपात चालतो त्या स्वरूपात तो निरर्थक आहे. दोन्ही विक्रीच्या पद्धती आहेत. जतन हे विक्रीचे काम कधीच नव्हते. पुस्तकांच्या बाबतीत हे या देशाला फार पूर्वी समजले. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवाव्या लागतात. त्यांतले एक मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे. पुढे वृत्तपत्रे या कायद्यात आली. चित्रपट आजही त्यात नाही. चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला किमान प्रमाणन मंडळाच्या मेजावरून जावे लागते, त्यामुळे लांबी, कापलेले भाग, तारीख अशी सरकारी नोंद तरी उरते. थेट मंचावर येणाऱ्या चित्रपटाला तेही लागत नाही. २०२१ च्या नियमांनी वर्गीकरण मंचावरच सोपवले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि बहुसंख्य मराठी प्रेक्षकांपर्यंत तो एप्रिल २०२१ मध्ये पोहोचला तो केवळ नेटफ्लिक्सवरून. हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत एका बंद ध्वनिफितीचे काय स्थान असते, यावरचा हा चित्रपट स्वतः मात्र एका कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर आहे.

उपाय आकाशातून आणायचा नाही. १९५४ च्या कायद्यात 'पुस्तक' आणि 'वृत्तपत्र' यांच्या शेजारी चित्रपट बसवावा, आणि मंचावर प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाची कुलूपविरहित प्रत किमान दोन वेगवेगळ्या शहरांत जमा करणे बंधनकारक करावे. निर्मात्याचा धंदा त्याने बुडत नाही. जमा केलेले पुस्तक म्हणून कोणत्या प्रकाशकाचे दुकान बंद पडले? दुसरी गोष्ट तर कायद्यात आधीच आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने 'व्यावसायिक भाडे' या संज्ञेची व्याख्या करताना, रीतसर मिळवलेली चित्रपटाची प्रत ना-नफा ग्रंथालयाने किंवा शिक्षणसंस्थेने ना-नफा उद्देशाने देणे हे त्यातून वगळले. म्हणजे पनवेलच्या के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था सभासदाला जशी कादंबरी देते, तशी चित्रपटाची तबकडी कायदेशीररीत्या देऊ शकते. स्ट्रीमिंगची वर्गणी मात्र ती कोणाला उसनी देऊ शकत नाही, कारण तो करार आहे, प्रत नव्हे. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदान आहे, इमारती आहेत. उरलेल्या तबकड्या भंगारात जाण्यापूर्वी त्यांतली मराठी चित्रपटांची आणि नाटकांची छापील मुद्रिते शोधून त्या कपाटांत आणायला आणि त्यांच्या रीतसर प्रती पुण्याच्या संग्रहालयाकडे पोहोचतील असे पाहायला फार तर पाच-सहा वर्षे हातात आहेत.

भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९५३ चा 'श्यामची आई' या हिशेबाने २०१४ च्या आरंभी सर्वांचा झाला, आणि त्याच्या प्रती तेव्हा अस्तित्वात होत्या म्हणून त्या होण्याला काही अर्थ होता. 'द डिसायपल' १ जानेवारी २०८२ रोजी सर्वांचा होईल. कुलूप तोडून नक्कल करणे हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कारावासाचा गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे तोवर कोणी चोरून जपलेली प्रत पुढे करील या आशेवर धोरण आखता येत नाही. त्या दिवशी उघडता येईल अशी प्रत आजच्या कायद्याने कोणाकडेही ठेवायला सांगितलेली नाही.